मिश्र माध्यमातल्या कलाकृतीचा अर्थ: चित्रकारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनाची तारीख जवळ आली की ठरावीक प्रश्न यायला लागतात. मनोगतात (कामासोबत लावायच्या कलाकाराच्या मजकुरात) काय लिहू, माध्यमाच्या रकान्यात काय भरू, हळद उडाली तर कामाचा अर्थ उरतो का, जुनी नोट लावली तर चालेल का? अर्थाचे आणि साहित्याचे प्रश्न इथे मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. मिश्र माध्यमात ते वेगळे करताच येत नाहीत.

१. ऑइल आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही वापरले, तर चित्र मिश्र माध्यमाचं होतं का?

तांत्रिकदृष्ट्या होतं. एकाहून अधिक माध्यमं एका कामात आली की ते मिश्र माध्यम. कागद, कापड, छायाचित्रं पृष्ठभागावर चिकटवली की कोलाज आणि पृष्ठभागातून बाहेर येणाऱ्या वस्तू जोडल्या की असेम्ब्लाज. दोन्ही मिश्र माध्यमातच मोडतात. पण अर्थाचा विचार करताना खरा फरक दुसरीकडे आहे. ट्यूबमधल्या रंगाला स्वतःचा इतिहास नसतो. रेशन कार्ड, धोतराचा काठ, बसचं तिकीट, गंजलेली कडी यांना असतो. या पानावरची बहुतेक उत्तरं अशा आधी वापरात असलेल्या वस्तूंबद्दल आहेत.

थर चढवतानाचा एक नियम मात्र सगळ्यांनाच लागू आहे. अ‍ॅक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर अ‍ॅक्रिलिक चालत नाही. ते धरत नाही आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. चिकटवलेल्या कागदावर ऑइल लावायचं असेल, तर आधी अ‍ॅक्रिलिक मीडियमचे (रंगद्रव्य नसलेल्या पारदर्शक अॅक्रिलिकचे) दोन हात देऊन कागद बंद करा. नाहीतर तेल कागदात उतरून भोवती पिवळं वलय धरतं.

२. अर्थ आधी ठरवायचा की काम करताना सापडू द्यायचा?

दोन्ही पद्धतींनी चांगली कामं झाली आहेत. अडचण येते ती अर्थ ठरवून वस्तू शोधायला निघाल्यावर. ‘काळ’ दाखवायचा म्हणून घड्याळाचे काटे आणि ‘बंधन’ दाखवायचं म्हणून साखळी. अशा कामात प्रेक्षक दोन सेकंदांत उत्तर वाचतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा हाताशी असलेली, तुमच्याशी खरा संबंध असलेली वस्तू समोर ठेवा आणि तिच्याबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: ती कोणी वापरली, कशासाठी वापरली आणि वापराच्या खुणा कुठे आहेत. बहुतेक वेळा तिसऱ्या उत्तरातून काम पुढे सरकतं.

३. वस्तू चित्रात आली की तिचा अर्थ तसाच राहतो की बदलतो?

वस्तू आपला जुना अर्थ घेऊन येते आणि तुम्ही तिचं काय केलं, यावरून नवा अर्थ घडतो. दोन्ही एकदम दिसत राहिले, तर काम जिवंत राहतं.

पिकासोचं १९१२ चं वेताच्या खुर्चीचं स्थिरचित्र घ्या. कॅनव्हास लंबगोल आणि लहानसा आहे. त्यावर वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं आहे आणि चौकटीच्या जागी खराखुरा दोरखंड गुंडाळला आहे. वेत खरा नाही, तो कारखान्यात छापलेला आहे. दोर मात्र खरा. खरं काय आणि चितारलेलं काय, हा प्रश्न मनोगतातून नाही, साहित्यातूनच उभा राहतो.

आपल्याकडची दोन उदाहरणं जास्त उपयोगी पडतील. विवान सुंदरम यांनी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या संदर्भात कागदावर कोळसा आणि इंजिन ऑइल वापरून कामं केली. युद्धाच्या मुळाशी तेल होतं आणि कागदावर पसरलेला डागही तेलाचाच. तेलाबद्दलचं चित्र तेलाने काढलं की ‘प्रतीक’ हा शब्द वापरायची गरज उरत नाही. शीला गौडा यांच्या १९९८ च्या एका कामात शेकडो फूट दोरा सुयांच्या नाकांतून ओवून, कुंकू आणि डिंकात माखून, लांब लाल दोरखंड केले आहेत. त्यांच्या टोकांना सुयांचे गुच्छ लोंबतात. दोरा, सुई, कुंकू ही तिन्ही घरातल्या बाईच्या रोजच्या हातातली. त्यांना टोचण्याचा आणि रक्ताचा अर्थ चिकटतो तो त्यांच्या जोडणीमुळे. इतका मोठा दोरा ओवायला लागलेली मेहनतही अर्थाचाच भाग आहे.

म्हणून स्वतःच्या कामाकडे बघताना आधी क्रियापदं मोजा: फाडलं, शिवलं, जाळलं, पुसलं, गुंडाळलं, लपवलं. बराचसा अर्थ या क्रियापदांत बसलेला असतो आणि नेमकी तीच मनोगतातून गळतात.

४. मनोगत किती शब्दांचं असावं आणि त्यात काय लिहावं?

भिंतीवर लावायचं असेल तर एका कामासाठी १०० ते १५० शब्द. उभ्याने यापेक्षा जास्त कोणी वाचत नाही. अर्जासाठी किंवा कॅटलॉगसाठी २५० ते ३०० शब्द पुरतात.

लिहिण्याचा क्रम असा ठेवा. आधी दिसतं ते सांगा, मग वस्तू कुठून आली ते, मग तिच्यावर काय केलं ते आणि शेवटी ते का केलं. ‘का’ने सुरुवात केली की भाषा हमखास हवेत जाते.

समजा, कामात गिरणीतल्या हजेरीकार्डाची प्रत, मांजरपाट, गंजाचे डाग आणि काळ्या दोऱ्याचे टाके आहेत. नेहमी येणारा मजकूर असा असतो:

‘काळाच्या ओघात हरवत चाललेल्या मानवी मूल्यांचा आणि श्रमिकांच्या वेदनेचा शोध या कलाकृतीतून घेतला आहे.’

हे वाक्य हजार कामांखाली चालेल, म्हणून या कामाच्या उपयोगाचं नाही. त्याच कामाबद्दल असं लिहिता येईल:

‘ओल्या मांजरपाटावर लोखंडी खिळे ओळींत ठेवून दोन दिवस गुंडाळून ठेवले. उठलेले डाग हजेरीकार्डाच्या रकान्यांइतक्याच अंतरावर आहेत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, त्यापुढचे रकाने कार्डावर कोरे आहेत. कापडावरही तिथे डाग नाहीत. काळ्या दोऱ्याचे टाके मात्र कापडाच्या पूर्ण रुंदीभर जातात, कारण पगार बंद झाल्यावर घर बायकांच्या शिवणकामावर चाललं.’

दुसऱ्या मजकुरात ‘वेदना’ हा शब्द नाही. तरी वाचणारा पुन्हा चित्राकडे वळतो, कोरी जागा शोधतो आणि टाके कुठपर्यंत गेलेत ते बघतो. मनोगताने एवढंच करावं.

मजकूर झाल्यावर एक चाचणी घ्या. काम न पाहिलेल्या माणसाला तो वाचून दाखवा आणि त्यावरून रेखाटन करायला सांगा. रेखाटन कामाच्या जवळपासही गेलं नाही, तर मजकुरात वस्तू कमी आणि भाववाचक नामं जास्त आहेत.

५. प्रत्येक प्रतीकाचा अर्थ सांगायचा का? ‘लाल म्हणजे क्रांती’ वगैरे?

नाही. अशी यादी दिली की प्रेक्षक चित्राऐवजी यादी ताडून बघतो. ज्या माहितीशिवाय काम कळूच शकत नाही, ती द्या. कापड कोणाचं होतं, कागद कुठल्या वर्षाचा आहे, आवाज कुठे ध्वनिमुद्रित केला, हे बघून कळत नाही. लाल रंग लाल आहे हे सगळ्यांना दिसतं.

६. लेबलवर नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहिलं तर चालतं का?

चालतं, पण ती संधी वाया जाते. लेबल हा कामाच्या अर्थाचा पहिला मजकूर आहे, आणि मनोगत न वाचणारेही तो वाचतात. क्रम असा ठेवा: नाव, वर्ष, माध्यम, आकार. माध्यमात आधी मुख्य साहित्य, नंतर जोडलेल्या वस्तू आणि शेवटी आधार. उदाहरणार्थ: ‘गंजाचे डाग, सुती दोरा, हजेरीकार्डाची पिगमेंट-शाई प्रत, मांजरपाट, प्लायवुडवर’. आकार उंची × रुंदी × खोली या क्रमाने, सेंटिमीटरमध्ये. वस्तू बाहेर आल्या असतील तर खोली लिहायलाच हवी. चौकट आणि वाहतुकीची पेटी त्यावरच ठरते.

प्रत वापरली असेल तर ‘प्रत’ असं स्पष्ट लिहा. ‘जुनं कार्ड’ लिहून प्रिंट लावणं ही फसवणूक आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही त्यामुळे चुकीची माहिती जाते.

७. हळद आणि कुंकू वापरलं आहे. रंग उडाला तर कामाचा अर्थ जातो का?

हळदीचा रंग उडणारच. तिच्यातलं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. खिडकीसमोर काही आठवड्यांतच फरक दिसू लागतो. अतिनील किरणं अडवणारी काच लावली तरी दृश्य प्रकाशानेही ती फिकी होते, म्हणून काचेने वेग कमी होतो, इतकंच. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. अ‍ॅक्रिलिक मीडियम किंचित अल्कधर्मी असतं. त्यात हळद कालवली की पिवळा नारिंगीकडे, कधी तांबूसकडे झुकतो. चुन्याने हळदीचं कुंकू होतं, त्यामागचंच हे कारण. पिवळा तसाच हवा असेल तर हळद डिंकाच्या पाण्यात कालवा आणि नेहमी आधी तुकड्यावर करून पाहा. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि ओलावा लागला की ते शेजारच्या कापडात पसरतात. पांढऱ्या सुती चिंधीवर ओलं कुंकू चोळून, धुऊन पाहिलं की लगेच कळतं.

आता अर्थाचं. इथे निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे आणि तो काम विकण्याआधी लेखी हवा. पहिला मार्ग: उडणं हाच कामाचा भाग आहे, असं मनोगतात आणि विक्रीच्या कागदात लिहायचं. मग दहा वर्षांनी फिकट झालेलं काम ‘खराब’ ठरत नाही. दुसरा: हळद दर ठरावीक काळाने पुन्हा लावायची आणि त्याची पद्धत, प्रमाण, कोणी लावायची, हे कामासोबत द्यायचं. विधीशी जोडलेल्या कामाला हा मार्ग शोभतो, कारण विधीत हळद पुन्हा पुन्हाच लावली जाते. तिसरा: टिकाऊ पिवळं रंगद्रव्य वापरायचं आणि लेबलवर हळद लिहायची नाही. तिन्ही प्रामाणिक आहेत. न टिकणारी वस्तू वापरून टिकण्याचं आश्वासन देणं मात्र चूक. प्रदर्शनात अशा कामावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, हे गॅलरीला आधी कळवा.

८. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडतंय. थांबवता येईल का?

पूर्ण थांबत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहिलेलं असतं. हवा आणि प्रकाशाने त्याचा रंग तपकिरी होतो, आम्ल वाढतं आणि कागद कुरकुरीत होतो. मॅट मीडियममध्ये दोन्ही बाजूंनी बुडवून लावलं तर झिजणं मंदावतं, पण कागद अर्धपारदर्शक होऊन मागचा मजकूर पुढे दिसू लागतो. त्यासाठी लावण्याआधी मागच्या बाजूला पांढऱ्या किंवा करड्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या.

अर्थाला मजकूर महत्त्वाचा असेल तर आम्लमुक्त कागदावर पिगमेंट शाईची प्रत काढा. पिवळेपणाच महत्त्वाचा असेल तर मूळ कात्रणच लावा आणि प्रश्न ७ मधला पहिला मार्ग धरा.

९. गंजाचे डाग हवेत, पण काही महिन्यांत कापडच फाटायला लागतं. का?

कारण गंज थांबवलेला नसतो. लोहाचे क्षार आणि आम्ल मिळून कापसाचा तंतू खातात. करण्याची पद्धत अशी:

कापड आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवा. लोखंड ठेवून गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत २४ ते ४८ तास ठेवा. मध्येच वाळू देऊ नका, पण दोन दिवसांपलीकडेही ठेवू नका. नंतर भरपूर पाण्यात धुवा आणि एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. पुन्हा धुवा, सावलीत वाळवा. सोड्याची पायरी गाळली की कापड विरतं.

प्रत्यक्ष लोखंडी वस्तू कामात ठेवायची असेल, तर सुटा गंज ब्रशने काढून तिच्यावर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचं अ‍ॅसिटोनमधलं ५ ते १० टक्के द्रावण दोनदा लावा. हे काम खिडक्या उघडून आणि गॅसपासून दूर करा. वस्तू कापडाला थेट टेकू नये म्हणून मध्ये पॉलिएस्टर फिल्मची पट्टी घाला. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात उघडं लोखंड काचेमागेही गंजत राहतं.

१०. फेविकॉल चालतं का?

लाकडाला लाकूड आणि जाड कापड जोडायला चालतं. कागदासाठी नको. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो, वाळताना सुरकुत्या धरतो आणि एकदा बसला की सोडवता येत नाही. जी वस्तू पुढे काढावी, बदलावी किंवा परत द्यावी लागेल तिला गव्हाच्या स्टार्चची खळ लावा. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत २० ते ३० मिनिटं, मग गाळून घ्यायची. मैदा चालणार नाही, त्यातल्या प्रथिनांवर कीड येते. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात. त्याने कसर दूर राहते, पण तांब्याचे क्षार कागद कमकुवत करतात आणि मोरचूद विषारीही आहे. थोडी थोडी ताजी खळ करणं चांगलं.

वजनदार वस्तू कुठल्याच गोंदावर सोडू नका. शिवा, स्टेनलेस तारेने बांधा किंवा मागून स्क्रू घ्या. दिसणारा टाका आणि दिसणारी तार यांनाही अर्थ असतो (प्रश्न ३), तेव्हा जोड लपवण्याआधी विचार करा.

११. आजीचं मूळ पत्र लावावं की त्याची प्रत?

पत्र एकच असेल आणि घरात कोणालाही ते पुन्हा वाचावंसं वाटणार असेल, तर प्रत लावा. मूळ कागद कामात गेला की तो प्रकाश, गोंद आणि खरेदीदार यांच्या स्वाधीन होतो. कापण्याआधी दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआयवर स्कॅन हवंच. मूळ वापरण्याचं सबळ कारण एकच: घडी, डाग, शाईचा दाब अशा खुणा प्रतीत येत नाहीत आणि काम त्यांवरच उभं आहे.

चालू रेशन कार्ड, आधार, पासबुक लावू नका. जुन्या कागदांवरचे क्रमांक आणि पत्ते झाका. झाकण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक निवडा. काळी पट्टी मारली की सेन्सॉरचा अर्थ येतो, पांढरा रंग दिला की पुसल्याचा.

१२. देवांची कॅलेंडरं, तिरंगा, जुन्या नोटा लावल्या तर काही अडचण?

कॅलेंडरचं चित्र कोणाचं तरी असतं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातल्या त्यांच्या चित्रांवर आता स्वामित्वहक्क नाही. अलीकडच्या कॅलेंडरचित्रावर असू शकतो, कारण चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो चालतो. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये हेतुपुरस्सरपणा आणि दुष्ट हेतू यांना महत्त्व आहे. म्हणून अशा कामाचं मनोगत तारीख घालून आधीच लिहून ठेवा.

खरा राष्ट्रध्वज कापणं, त्यावर लिहिणं किंवा त्याचं आवरण करणं १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी ते टाळा.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा २०१७ च्या कायद्यानुसार एकूण १० पेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा २५ आहे. त्यामुळे शंभर नोटांचा कोलाज बाद. हुबेहूब नोटेसारखा कागद छापणंही गुन्ह्यात मोडू शकतं.

१३. मोडी कागद किंवा मोरपीस असलेलं काम परदेशी पाठवता येईल का?

मोरपीस नाही. गळून पडलेली पिसं देशात वापरता येतात, निर्यातीला बंदी आहे. काही शंख-शिंपल्यांच्या जातीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेलं ७५ वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित १९७२ च्याच पुरावशेष कायद्याने पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते बाहेर नेता येत नाही. जुना मोडी दस्तऐवज सुंदर दिसतो म्हणून कापू नका. तो वाचून घ्या आणि प्रत वापरा. मजकूर न वाचता लावलेला मोडी कागद नुसती नक्षी होतो. त्यात काय लिहिलंय ते सांगणारा जाणकार एखादा तरी प्रेक्षकांत असतोच.

१४. प्रेक्षकांनी भलताच अर्थ लावला. दुरुस्त करू का?

एकाने लावला तर ऐकून घ्या. चार-पाच जणांनी स्वतंत्रपणे तोच लावला तर तो कामात आहे, तुम्हाला दिसला नव्हता इतकंच. त्यांनी कुठल्या वस्तूकडे बोट दाखवलं ते विचारा. तो अर्थ तुम्हाला नको असेल तर ती वस्तू हलवा. मजकूर वाढवून तो अर्थ पुसता येत नाही.

१५. काही वर्षांनी मलाच त्या कामाचा वेगळा अर्थ दिसतो. मनोगत बदलू का?

नवीन लिहा, जुनं काढू नका. दोन्हींवर वर्ष घाला. पहिल्या मजकुरात काम करतानाचा विचार आहे आणि अभ्यासकाला तोही लागतो. साहित्य आणि कृती यांची माहिती मात्र कधीही बदलू नका. ती घडलेली गोष्ट आहे.

१६. विकलेल्या कामातला भाग खरेदीदाराने बदलला किंवा काढला तर?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार काम विकल्यावरही त्याची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाध आणल्यास कलाकाराला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं आणि पाच लाखांची भरपाई दिली.

पण मिश्र माध्यमात वस्तू आपोआपही तुटतात, म्हणून भांडणाआधी कागद हवा. विक्रीसोबत एक पान द्या. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव, जोडण्याची पद्धत, वापरलेला गोंद, समोरून, बाजूने आणि मागून काढलेले फोटो असावेत. शिवाय प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: ‘बदलू नये’, ‘तशीच दुसरी चालेल’, ‘पडली तर पडू द्यावी’. हा शेरा लिहिताना अनेक चित्रकारांना पहिल्यांदा कळतं की कामातल्या कुठल्या वस्तूवर अर्थ टेकलेला आहे आणि कुठली नुसती जागा भरते. त्यामुळे हे पान विक्रीपर्यंत थांबवू नका. काम भिंतीवर जाण्याआधीच ते भरा आणि ज्या वस्तूपुढे कुठलाच शेरा सुचत नाही, ती काढून काम एकदा बघा.